बोरिवलीची खोली रिकामी होते

रिकाम्या खोलीला नातेवाईक फार. भाडेकरू राजेश आणि त्याची बायको तिथे राहत होती तोवर धुऱ्यांच्या घरात त्या खोलीची चौकशी कोणी केल्याचे कल्पिताला आठवत नव्हते. तुंबणाऱ्या मोरीची कोणी केली नव्हती, कण्हणाऱ्या पंख्याची केली नव्हती, आणि गच्चीतून उतरून कोपऱ्यात ठाण मांडलेल्या त्या ओलीची तर नाहीच, जिचा नकाशा दर पावसाळ्यात एकेका तालुक्याने वाढत असे. पण राजेशने बदलीचे कारण सांगून चावी परत केली, आणि रविवारी सकाळी बोरिवली पूर्वेच्या त्या तिसऱ्या मजल्यावर अख्खे कुटुंब हजर झाले. मयताला यावे तसे वेळेवर आणि बारशाला यावे तसे कपडे करून.

निमित्त दुधाचे होते. एक भाडेकरू गेला की दुसरा येण्याआधी मालकाने त्या घरात दूध उतू जाऊ द्यायचे, ही कल्पिताच्या वडिलांची, रामनाथ धुऱ्यांची रीत. गिरणी बंद पडल्यावर हाती आलेल्या पैशांतून त्यांच्या सोबत्यांनी गावी घरे बांधली, टेम्पो घेतले, मुलींची लग्ने थाटली. रामनाथांनी दोन लहान खोल्या घेतल्या, एक मुलुंडला आणि एक ही. "आपलो मालक कोण, ता खोली विसरता," ते म्हणत, "मधे मधे आठवण करून दिलेली बरी." कायद्याला जे साधायला अकरा महिन्यांचा करार लागतो ते रामनाथ पावशेर दुधात साधत. अर्थात करारही करत. देवावर आणि दुधावर त्यांचा विश्वास होता, माणसांवर तेवढा नव्हता.

विश्वास उडाला होता तो दत्तारामकाकांमुळे. सख्ख्या चुलतभावाला दोन महिन्यांसाठी मुलुंडची खोली दिली, आणि घरच्याच माणसाशी कागद काय करायचा म्हणून काहीच केले नाही. दत्तारामकाकांनी ते दोन महिने सात वर्षे पुरवून खाल्ले, आणि अखेर बाहेर पडले तेव्हा रामनाथने आपल्याला रस्त्यावर काढले असे साऱ्या गावाला सांगून आले. त्यानंतर रामनाथांच्या नियमांत एकाची भर पडली: परक्याशी करार एकदा, घरच्याशी दोनदा. बाकीचे नियम जुनेच होते. मोरी बघून खोली घ्यावी, हॉल बघून घेऊ नये. एका मोठ्या घरापेक्षा दोन लहान बरी, एक रिकामी पडली तर दुसरी तिला पोसते. अनामत रक्कम म्हणजे पाहुण्याची चप्पल, ती आपल्या पायात घालायची नसते. आणि सगळ्यात वर हा: चावी आपली असली तरी आत जाताना कडी वाजवायची. भाडे घेतले की त्या दारात आपणही पाहुणे.

रामनाथ गेले, खोल्या त्यांच्या बायकोच्या, पुतळाबाईंच्या नावावर झाल्या आणि नियम कल्पिताच्या अंगावर पडले. "तू जवळच असतेस," असे थोरला भाऊ प्रज्योत याने तेव्हा सांगितले होते. कल्पिता आई आणि धाकटा भाऊ कृणाल यांच्यासोबत जोगेश्वरीला राहायची, अंधेरीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची. जोगेश्वरीहून मुलुंड कोणत्या नकाशात जवळ येते हे त्याने सांगितले नाही. त्याचे स्वतःचे घर घाटकोपरला, मुलुंडपासून हाकेच्या अंतरावर. पण हाक गेली की नेमकी त्याची मीटिंग असायची. मग कल्पिता सकाळी लोकांचे रक्त काढू लागली आणि संध्याकाळी भाडे. दोन्ही कामांत समोरच्याला फार दुखू द्यायचे नाही, एवढेच कौशल्य लागते.

आता ती ओट्यापाशी उभी होती. छोट्या सिलिंडरच्या शेगडीवर पितळेचे पातेले होते, त्यात दूध, आणि आच अगदी मंद. मागे मोकळ्या खोलीत आवाज घुमत होते. सामान गेले की भिंतींना वाचा फुटते. पुतळाबाई शेजाऱ्यांकडून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. बाकी तिघांसाठी एक चटई होती. प्रज्योतची बायको रोशनी तिच्यावर आपला रुमाल अंथरून बसली होती, कृणाल खिडकीत चढला होता, आणि प्रज्योतने रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर लॅपटॉप उघडला होता. अंधेरीच्या एका हॉटेलात 'भाड्यातून स्वातंत्र्य' नावाचे दोन दिवसांचे शिबिर तो नुकताच करून आला होता. स्वातंत्र्यात दुपारचे जेवण धरलेले होते.

"आई, नीट ऐक," तो म्हणाला. "ही खोली म्हणजे डेड ॲसेट आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मेलेली मालमत्ता."

"मेलेली?" पुतळाबाईंनी एकदा वर पंख्याकडे पाहिले. "आणि इतके दिस भाडा कोण देय होता? भूत?"

"भाडं येतं गं, पण यील्ड बघ ना. खोलीची आजची किंमत काय आणि वर्षाचं भाडं काय? दोन-अडीच टक्के सुटतात. त्यातून मेंटेनन्स, टॅक्स, रंग, प्लंबर. बँकेत ठेवले असते तरी यापेक्षा जास्त आले असते."

"मग ठेव बँकेत."

"बँकेत नाही. हे बघ." त्याने पडदा आईकडे वळवला. पडद्यावर एक तळे होते, तळ्याकाठी मनोरे, आणि मनोऱ्यांखाली गोरीगोमटी माणसे कुत्र्यांना फिरवत होती. "पनवेलच्या पुढे. स्टुडिओ अपार्टमेंट. ही खोली विकायची, तिथे बुकिंग करायचं, उरतील त्यातून कृणालचं लग्न. बिल्डर स्वतः तीन वर्षं भाडं देतो. ॲश्युअर्ड."

"मला हॉलवाल्याला ॲडव्हान्स द्यायचाय," कृणाल खिडकीतून म्हणाला. तो जिममध्ये ट्रेनर होता आणि वजन नेहमी जड बाजूला टाकायचे हे त्याला शिकवावे लागले नव्हते. "दादाचा प्लॅन झकास आहे."

कल्पिताने दुधावरची साय चमच्याने बाजूला सारली. "दादा, बिल्डर भाडं देणार ते आपण दिलेल्या पैशातूनच ना? आपलेच पैसे आपल्याला हप्त्याने परत. आणि चौथ्या वर्षी?"

"चौथ्या वर्षी तिकडे डेव्हलपमेंट आलेली असेल."

"आणि नसेल आली तर तळ्यात राहायला कोण येणार? तिथे आज एक तरी दुकान आहे का? तू जाऊन बघितलंस?"

"साइट व्हिजिट पुढच्या रविवारी आहे."

"मोरी बघून ये."

"तुझं हेच चुकतं," प्रज्योतच्या आवाजात शिबिरातली सहनशीलता आली. "बाबांच्या काळातून बाहेर ये. मोरी-बिरी बघायला मॅनेजमेंट कंपनी असते. पॅसिव्ह इन्कम म्हणतात त्याला. आपण काहीही करायचं नाही."

"तू आत्ताही काही करत नाहीस, दादा. तुला हे पहिल्यापासून पॅसिव्हच आहे."

रोशनीने ओठांवर आलेले हसू अंथरलेल्या रुमालाच्या टोकाशी सोडून दिले. कल्पिताने ते पाहिले आणि मनात जपून ठेवले. या घरात असल्या गोष्टी क्वचित हाती लागतात.

तिला खोली विकायची नव्हती, पण ते खोलीवरच्या मायेपोटी नव्हे. माया करावी असे त्या खोलीत काही नव्हतेच. पश्चिमेची एक खिडकी होती, तिच्यातून दुपारनंतर ऊन येई आणि समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या चादरींना क्षणभर कसलेसे निशाण करून जाई. एवढेच. पण तुळशीच्या लग्नानंतर कृणालचे लग्न होते, आणि जोगेश्वरीच्या घरात आतली खोली एकच होती. गेल्या आठवड्यात त्याची होणारी बायको श्रुतिका हसतमुखाने टेप घेऊन आली होती. कल्पिताच्या कॉटच्या जागी कपाट बसते की नाही हे तिने मोजले. बसत होते. कल्पिताने स्वतः टेपचे दुसरे टोक धरले होते. ताई काय, आईसोबत बाहेर झोपेल, असे कोणीतरी म्हणाले, आणि ते कोण म्हणाले हेही आता आठवू नये इतक्या सहज ते ठरून गेले. बेचाळीस वर्षांचे आयुष्य कपाटाच्या मापात बसत नव्हते म्हणून बाहेर सरकवले गेले, आणि त्यात कोणाचाही दोष नव्हता. दोष नसलेल्या गोष्टींशी भांडता येत नाही. त्यांना फक्त उत्तर देता येते.

उत्तराला आज दहाची वेळ दिली होती, आणि उत्तर वेळेवर आले. दारावर टकटक करून नितेश आत आला. हा एजंट, या भागातल्या रिकाम्या खोल्यांचा वास त्याला म्युनिसिपालिटीच्या आधी लागे. खांद्याला बॅग होती, बॅगेत अंगठा घ्यायचे मशीन.

"नमस्कार काकी. सगळे जमलात वाटतं." त्याने खोलीभर नजर फिरवली. "पार्टी पोचली का, ताई?"

"कसली पार्टी?" प्रज्योतने लॅपटॉपवरून मान वर केली.

"भाड्याची हो. ताईंनी करार तयार ठेवायला सांगितलेला. अंगठे झाले की ऑनलाइन रजिस्टर करून टाकू."

"मला न विचारता भाडेकरू बघितलास?" प्रज्योत कल्पिताकडे वळला. "मी इथे विकायचं बोलतोय."

"खोली आईची आहे. आईला विचारणारच आहे."

"पण पार्टी कुठाय?" नितेशने पुन्हा विचारले. रविवारी त्याला असे बरेच अंगठे घ्यायचे असत.

"आली आहे," कल्पिता म्हणाली. "दूध बघतेय."

सगळ्यांनी आधी दुधाकडे पाहिले, आणि मग पाहणारीकडे. खिडकीतून कृणाल खाली उतरला.

"तू?" रोशनी म्हणाली. "तू आईकडून भाड्याने घेणार? स्वतःच्या आईकडून?"

"हो, वहिनी. करार करून, अनामत देऊन. पोलिसांत कळवायचं तेही कळवणार. सगळं रीतसर."

"डोकं फिरलंय तुझं," प्रज्योत म्हणाला. "राहायचंच असेल तर तशी राहा ना. नाही कोण म्हणतंय?"

"आत्ता तर विकत होतास."

"म्हणजे, विकेपर्यंत."

"तेच ते. विकेपर्यंत, लग्नापर्यंत, कपाट येईपर्यंत. मी या घरात नेहमी कशाच्या तरी पर्यंत राहते. भाडेकरूला उठवायचं तर महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते, दादा. राजेशने जाताना मला दिली. माझ्या कॉटचं माप घेतलं तेव्हा मला कोणी दिली?"

हे तिने आवाज न चढवता म्हटले. रोजच्या कामात ती 'मूठ आवळा' म्हणते त्याच आवाजात. कृणालने पायाने चटईचा कोपरा सरळ केला.

"ताई, ते श्रुतिकाने सहज केलं गं. तिच्या मनात काही नव्हतं."

"माझ्याही मनात काही नाही रे. मी गेले तर आतली खोली तुमची, आणि कपाटाशेजारी ड्रेसिंग टेबलही बसेल. मी मोजलंय."

कृणालने थोडा विचार केला. त्याचे विचार चेहऱ्यावर व्यायाम करीत, त्यामुळे बघणाऱ्याला ते दिसत. पनवेलच्या पलीकडचे तळे आटत गेले आणि ड्रेसिंग टेबल वर आले. "मला वाटतं दादा, ताई बरोबर बोलतेय," तो म्हणाला. "प्रत्येकाला आपली स्पेस पाहिजे."

"आणि हॉलचा ॲडव्हान्स?"

"लोन काढीन. जिमवाले देतात."

प्रज्योतने नितेशला जवळ ओढले. "हे बघा, समजा उद्या विकायची ठरली, तर हा करार आड येतो का?"

"विकता येते की साहेब," नितेश व्यावसायिक दुःखाने म्हणाला. "पण आत माणूस बसलेला असेल तर गिऱ्हाईक हात आखडतं. आणि माणूस म्हणजे मालकिणीची मुलगी असेल, तर ते जिनाच चढत नाही."

"म्हणजे हे तिने मुद्दाम केलंय."

"होय," कल्पिता म्हणाली.

तेव्हा रोशनीला वेगळीच गोष्ट सुचली, आणि तिचा चेहरा उतरला. "पण मग आईंचं कोण बघणार? कृणालचं नवीन लग्न, ती मुलगी नोकरी करणार. आई काय घाटकोपरला येणार आमच्याकडे?" हा प्रश्न तिने काळजीने विचारला होता. काळजी कोणाची, ते वाक्यात स्पष्ट नव्हते.

भांडणे होत असताना पुतळाबाई कोण कोणाच्या बाजूने गेले ते बघत असत, बाजारात तराजूचा काटा थांबायची वाट बघतात तशा. आता त्यांनी खुर्चीचे हात धरले.

"मी खंय जातंय?" त्या म्हणाल्या. "जोगेश्वरीची जागा माझी आसा. मी कृणालकडे रवणंय नाय, कृणाल माझ्याकडे रवता. माका कोणी बघूचा नाय. फारच झाला तर त्याचोय करार करतंय."

"आई," कृणाल म्हणाला.

"गप रव. तुझा मगे बघतंय." मग त्या कल्पिताकडे वळल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत जे आले ते इतक्या लवकर परत गेले की कल्पिताला त्याचे नाव ठरवता आले नाही. "लेकीकडसून भाडा घेवचा म्हणतस."

"हो."

"लोक काय म्हणतील," प्रज्योतने संधी साधली. "धुऱ्यांची मुलगी आईला भाडं देते. गावी तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"दत्तारामान सात वर्सा भाडा नाय दिला, तेवा तुझ्या गावाक तोंड होता," पुतळाबाई म्हणाल्या. "तू जरा सरक. माका पार्टी बघूंदे."

त्यांनी पदर सावरला, चष्मा नाकावर नीट बसवला, आणि प्रत्येक नव्या भाडेकरूकडे बघत तसे आपल्या मुलीकडे पायांपासून वर पाहिले. कल्पिताने नकळत साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. हा सोहळा तिने कितीदा तरी आईच्या खुर्चीमागे उभे राहून पाहिला होता. इकडच्या बाजूने खोली मोठी वाटते, हे तिला माहीत नव्हते.

"काय काम करतस?"

"लॅबमध्ये. रक्त काढते."

"पगार येळेर होता?"

"होतो."

"मासे करतस मां घरात?"

आजूबाजूच्या इमारतींत मासे करणाऱ्यांना खोल्या मिळत नसत. पुतळाबाई न करणाऱ्यांना देत नसत. मासे खाणारा माणूस मोरी धुतो, हे त्यांचे शास्त्र होते, आणि ते चुकल्याचे अजून दिसले नव्हते.

"करते. बांगडे, मांदेली. रविवारी सुरमई, परवडली तर."

"घरात कोण कोण?"

"मी एकटी."

शब्द खोलीत घुमला. सामान असते तर घुमला नसता.

"पण आपण तर एकट्या बायकांना देत नाही ना?" रोशनीने विचारले, आणि यावेळी तिच्या विचारण्यात खरोखर काही खोच नव्हती.

"नाहीच देत," नितेश उत्साहाने म्हणाला. "गेल्या आठवड्यात ती सुगंधा म्हणून नर्स होती ना, एकदम सरळ बाई, ताईंनीच नको म्हटलं. सोसायटीचा प्रॉब्लेम आहे म्हणून."

सोसायटीचा काही प्रॉब्लेम नव्हता. सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांना पार्किंगखेरीज कशातच रस नव्हता. तो शब्द कल्पितानेच गोड आवाजात वापरला होता, कारण एकटी बाई म्हणजे नसती कटकट, हे तिने इतकी वर्षे सगळ्यांकडून ऐकले होते. आणि ऐकणारीही त्याच प्रकारची बाई होती, हे ऐकताना कधी लक्षात आले नव्हते. त्या नर्सने वाद घातला नव्हता. 'बरं' म्हणून ती जिना उतरून गेली होती, सवयीच्या पावलांनी.

"ह्यो नियम तुझ्या बापाशीचो?" पुतळाबाईंनी विचारले.

"बाबांचा नाही. आपला दोघींचा."

"मगे दोघींनीच मोडूक होयो." त्या नितेशकडे वळल्या. "त्या नर्सबायचो नंबर ठेव. टाकू नको." आणि पुन्हा मुलीकडे, जराही न थांबता: "भाडा राजेश देय होतो तेवढाच. वर्सान नेहमीची वाढ."

"कोपऱ्यात ओल आहे, आई. तेवढी वाढ नाही झेपणार. आणि जाहिरातीत चोवीस तास पाणी लिहिलंय, येतं फक्त सकाळी."

"जाहिरात कोणी लिवली?"

"मीच."

"मगे फसलंस तर तुझा तूच बघ."

नितेश खो-खो हसला आणि कोणीच हसत नाही असे बघून गप्प झाला. पुतळाबाईंनी कोपऱ्यातल्या ओलीकडे पाहिले. नवरा असताना ती ओल बशीएवढी होती. "बरा. वाढ अर्धी," त्या म्हणाल्या. "पण पावसाआधी गच्चीचा काम मी करून देतलंय. ता मालकाचा काम."

"मी कोणाला तरी बोलावते," कल्पिता सवयीने म्हणाली.

"तू कित्याक? तू भाडेकरू. प्रज्योत बघतलो."

प्रज्योतने लॅपटॉप मिटला. तळे, मनोरे आणि कुत्री अंधारात गेली. स्वातंत्र्याच्या शिबिरात गच्चीच्या डांबराविषयी काही शिकवले नव्हते.

नितेशने मशीन डब्यावर मांडले. "साक्षीदार दोन लागतील." कृणालने विचारायच्या आत अंगठा पुढे केला. दुसऱ्यासाठी नितेशने प्रज्योतकडे पाहिले आणि प्रज्योतने फोन काढून कोणाचा तरी न आलेला फोन घेतला. तेव्हा रोशनी चटईवरून उठली, रुमालाची घडी केली आणि म्हणाली, "माझा चालेल?" चालला.

कल्पिताचा अंगठा पहिल्याच खेपेला उमटला. पुतळाबाईंचा उमटेना. नितेशने काच पुसली, त्यांचा अंगठा पुसला, जोराने दाबायला सांगितले. मशीन पुन्हा पुन्हा नाही म्हणत राहिले. भाकऱ्या थापून, राख लावून भांडी घासून, मासे साफ करून त्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच्या पुसून गेल्या होत्या. दोन खोल्यांची मालकीण, आणि ती तीच आहे हे यंत्राला पटत नव्हते.

"म्हातारी माणसं असली की असंच होतं," नितेश म्हणाला. "दुसरं बोट बघू या?"

"थांब." कल्पिता खुर्चीसमोर खाली बसली. थंड पडलेले बोट रक्त देत नाही, ते आधी गरम करावे लागते, हे ती रोज करायची. तिने आईचा अंगठा दोन्ही हातांत घेतला आणि मुळापासून टोकाकडे हळूहळू चोळू लागली. कातडी सुकलेल्या आमसुलासारखी होती. आईचा हात असा हातात घेऊन किती काळ लोटला, हे तिला सांगता आले नसते. एकाच हॉलमध्ये उशाला उशी लावून झोपायची वेळ आली असती, तरी तो असा घेतला गेला नसता. पुतळाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"दुखता?" त्यांनीच विचारले. चोळणारीला.

"नाही."

तिने अंगठा काचेवर टेकवला आणि वरून आपला दाबला. मशीन हिरवे झाले.

त्याच वेळी ओट्यावर फस्स असा आवाज आला. करपल्याचा वास खोलीभर झाला. रामनाथांच्या काळापासून आजवर, कोणी बघत नसताना दूध उतू गेले असे हे पहिल्यांदाच घडत होते. रोशनीने धावत जाऊन शेगडी बंद केली. शकुनासाठी दूध पूर्वेला गेले की पश्चिमेला, हे बघायचे राहूनच गेले. कोणी विचारलेही नाही.

मग चाव्यांचे काम उरले. कल्पिताच्या कमरेच्या जुडग्यात दोन्ही खोल्यांच्या जादा चाव्या असत. बोरिवलीच्या दोन काढताना नख मोडले. एक चावी तिने हातात ठेवली, दुसरी आईपुढे धरली. "ही मालकाकडे राहते."

पुतळाबाईंनी ती बटव्यात टाकली आणि बटवा कमरेला खोचला. "भाडा पाच तारखेच्या आत," त्या म्हणाल्या. "घरी आणून दी. जेवून जा."

सगळे निघाले. प्रज्योत सर्वांत आधी, गच्चीकडे एक नजर टाकून, जणू ती त्याच्यावर पडणार होती. कृणाल फोनवर श्रुतिकाला आनंदाची बातमी सांगत. रोशनी दारात चप्पल चढवताना रेंगाळली. खिडकीकडे तिने एकदा पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, "कल्पिता, ती मुलुंडची कधी रिकामी होतेय?"

"पुढच्या वर्षी."

"सहज विचारलं," रोशनी म्हणाली, आणि नवऱ्याच्या मागे जिना उतरली.

पुतळाबाई शेवटी गेल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी. कल्पिताने दार लावले. खोलीत चटई होती, शेजाऱ्यांची खुर्ची होती, रंगाचा पालथा डबा होता. तिने डबा उचलून खिडकीखाली ठेवला, पुन्हा तिथून काढून भिंतीशी ठेवला. कोणाच्या मापात बसतो हे बघायचे नव्हते, म्हणून तिसऱ्यांदा तो खोलीच्या अगदी मधोमध ठेवला आणि त्यावर बसली. ओट्यावर पितळेचे पातेले तसेच होते, तळाशी तपकिरी कडे धरून. ते आईचे. ते राहिले.

जिन्यावर पावले ऐकू आली. वर येणारी, एकेका पायरीवर थांबणारी. ही पावले तिला झोपेतही ओळखू आली असती. जन्मभर ती कुठल्याही दाराशी न थांबता थेट आत आली होती. अभ्यास करताना, केस विंचरताना, उशीत तोंड खुपसून पडलेली असतानाही. पावले दारापाशी आली. बटव्यात चावी होती. कल्पिता कुलूप फिरण्याच्या आवाजाची वाट बघत राहिली.

पलीकडे बराच वेळ काही झाले नाही. श्वास घेतल्याचे तेवढे ऐकू येत होते.

मग कडी वाजली.

कल्पिता उठली, दारापर्यंत गेली, आणि लगेच उघडले नाही. बाहेर तिची घरमालकीण उभी होती.